गिधाडे उत्तरेकडे का सरकली? अमेरिकेतील वासरांचा प्रश्न आणि आपले रिकामे आभाळ

गिधाडं फार झाली म्हणून शेतकरी हैराण आहे, असं कुणी सांगितलं तर आपल्यापैकी निम्मे लोक हसतील. ज्यांची चाळिशी उलटली आहे त्यांनी लहानपणी गावाबाहेर ढोर टाकायच्या जागेवर गिधाडांची झुंबड पाहिलेली आहे. त्यांच्या मुलांनी गिधाड पाहिले ते पुस्तकात. पण अमेरिकेतील केंटकी, टेनेसी, इंडियाना, ओहायो या राज्यांतल्या गाई पाळणाऱ्यांची आज नेमकी हीच तक्रार आहे. गिधाडे पूर्वी नव्हती तिथे आली, थव्याने आली, आणि नुकत्याच जन्मलेल्या वासरांवर तुटून पडू लागली.

मोबाइलवर अशा वासराचा एखादा व्हिडिओ फिरू लागला की लोक विचारतात, "साहेब, आपल्याकडे सरकार गिधाडं सोडतंय म्हणे, उद्या आमच्या वासरांचं काय?" प्रश्न वाजवी आहे, म्हणून जरा मुळापासून पाहू.

ज्या पक्ष्याबद्दल ही तक्रार आहे तो अमेरिकेतील काळे गिधाड. आपल्या गिधाडांशी त्याचे नुसते नावाचे नाते. शास्त्रज्ञ तर सांगतात की अमेरिकेतील गिधाडे आणि आपल्याकडची गिधाडे ही वेगवेगळी घराणी आहेत. मेलेले खाण्याचा धंदा एकच, म्हणून रूप सारखे झाले. हे काळे गिधाड लहानखुरे. वजन दोन किलोच्या आसपास, पंख पसरले की जेमतेम पाच फूट. डोके उघडे आणि राखाडी-काळे, शेपूट आखूड, पंखांच्या टोकाशी पांढरा पट्टा. त्याचा एक भाऊबंद आहे, टर्की गिधाड. त्याचे डोके लाल. या टर्की गिधाडाला वास फार चांगला येतो. झाडीत दडलेला मेलेला प्राणीही ते हुडकून काढते. काळ्याला तसा वास येत नाही. ते उंच घिरट्या घालत टर्की गिधाडावर नजर ठेवते, ते खाली उतरले की आपला गोतावळा घेऊन मागोमाग उतरते आणि त्यालाच हुसकावून लावते. शोध एकाचा, पंगत दुसऱ्याची.

या काळ्या गिधाडाचे मूळ राहणे अमेरिकेच्या दक्षिण भागात, आणि तिथून खाली थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत. थंडी त्याला फारशी मानवत नाही. तरीही गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ते पायरी पायरीने उत्तरेकडे सरकले. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पुढे कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्सपर्यंत ते दिसू लागले. मधल्या पट्ट्यात ओहायो आणि इंडियानाच्या दक्षिण भागात त्याने चांगलाच जम बसवला. टर्की गिधाड तर त्याच्याही पुढे, कॅनडात, आधीपासूनच सरकत होते.

हद्द का वाढली?

जाणकार एकच कारण सांगत नाहीत, तीन-चार सांगतात. पहिले म्हणजे हिवाळे सौम्य झाले. बर्फाने मेलेले जनावर दगडासारखे गोठले तर दोन किलोचा पक्षी चोच कुठे मारणार? बर्फ कमी दिवस टिकू लागला तसे वर्षभर खायला मिळण्याचे क्षेत्र वर सरकले.

दुसरे कारण रस्ते. १९५६ च्या कायद्यानंतर अमेरिकेत महामार्गांचे जाळे पसरले. त्याच काळात तिथले पांढऱ्या शेपटीचे हरीण, जे पूर्वी शिकारीने संपत आले होते, पुन्हा भरमसाट वाढले. रात्री हरीण गाडीखाली येते, सकाळी रस्त्याच्या कडेला गिधाडांची न्याहारी तयार. हजारो मैलांच्या रस्त्यावर अशी पंगत रोज मांडलेली असेल तर पक्षी त्या रस्त्याने पुढे जाणारच.

तिसरे कारण कायदा. १९७२ म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो. त्याच साली अमेरिकेने डीडीटीचा शेतातील वापर बंद केला. या औषधाने शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची टरफले पातळ पडून अंडी उबवतानाच फुटत होती. आणि त्याच साली मेक्सिकोबरोबरच्या करारात दुरुस्ती होऊन गिधाडे १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याच्या संरक्षणाखाली आली. त्याआधी काय होते? दक्षिणेकडचे गुरे पाळणारे गिधाडांना रोगाची वाहने समजत. गुरांतली फाशी, डुकरांतला पटकी हे रोग गिधाडे पसरवतात असा समज होता, आणि पिंजरे लावून, विष घालून त्यांना मारले जाई. ते थांबले. (गंमत पहा, आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. आपल्या गिधाडांचे काय झाले ते पुढे येतेच.)

थोडक्यात, मारणारा हात थांबला, अंडी टिकू लागली, खाणे वाढले आणि थंडी कमी झाली. काळे गिधाड वर्षाला दोन अंडी घालते. घरटे बांधण्याचा खटाटोप करत नाही. झाडाची ढोली, कपार, पडका वाडा, ओसाड कोठार काहीही चालते. ओसाड कोठारांची तिकडे वाण नाही.

वासरांचे दुखणे

आता मुख्य तक्रार. आपल्याकडे गाय गाभण राहिली की घरातली म्हातारी दिवस मोजते. गाय विते ती गोठ्यात किंवा अंगणात, चार माणसांच्या देखत. वार पडली की नाही हे पाहायला रात्री कंदील घेऊन कुणीतरी उठते. तिकडे मांसासाठी पाळलेल्या गाई शंभर-शंभर एकरांच्या मोकळ्या कुरणात असतात, आणि कुरणातच, बहुतेक वेळा एकट्या, वितात. केंटकीसारख्या राज्यात हा धंदा मोठा. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला मांसाच्या गाई सर्वांत जास्त तिथेच. वसंतात एकाच वेळी कळपातल्या कितीतरी गाई वितात. कुरणात वार पडलेली, ओले वासरू उभे राहण्याची धडपड करते आहे, गाय थकून पडली आहे. वीस-तीस काळी गिधाडे आधी वारेसाठी येतात. मग वासराचे डोळे, जीभ, नाळ, शेपटाखालचा मऊ भाग, जिथे कातडे नाजूक तिथे चोची मारतात. गाईला अडलेली सापडले तर तिलाही सोडत नाहीत. त्यांच्या पायात घारीसारखी पकड नाही. जे होते ते चोचीने आणि संख्येने होते.

टर्की गिधाडावर असा आरोप सहसा होत नाही. हे लक्षात ठेवा, कारण गिधाड म्हणजे सगळी सारखीच असे धरून चालले की हिशेब चुकतो.

वासरू मेले म्हणून त्या शेतकऱ्याला बंदूक उचलता येत नाही. कायद्याने पक्षी संरक्षित आहे. परवान्याशिवाय मारला तर १५ हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना केंद्र सरकारच्या मत्स्य व वन्यजीव खात्याकडून घ्यावा लागतो. गाय आज विणार आणि परवाना कधी येणार, हा तिकडचाही सवाल. म्हणून काही राज्यांत वेगळी वाट काढली. शेतकऱ्यांची संघटना स्वतः एक मोठा परवाना घेते आणि आपल्याकडे अर्ज करणाऱ्या पशुपालकांना त्यातला थोडा थोडा वाटून देते. इंडियानात ही सोय २०२१ पासून सुरू झाली. त्यावरही समाधान नाही. वासरे वाचवण्यासाठी परवान्याशिवाय काळे गिधाड मारू द्यावे, अशा आशयाचे विधेयक २०२३ मध्ये टेनेसीच्या एका खासदाराने तिथल्या संसदेत आणले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. पक्षीमित्रांचे म्हणणे असे की कायद्याला भोक पाडले तर ते मोठेच होत जाते. माझे मत विचाराल तर, शेतकऱ्याला दोन-चार पक्ष्यांचा परवाना लवकर मिळावा हे रास्त. पण परवानाच नको म्हणणे म्हणजे १९७२ च्या मागे जाणे आहे. एकदा मोजणी सुटली की कोण किती मारतो याचा पत्ता लागत नाही.

नुकसानभरपाईची योजना मात्र आहे. कायद्याने संरक्षित प्राण्याने जनावर मारले तर तिथले कृषी खाते बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम देते, आणि काळे गिधाड त्यात मोडते. पुरावा द्यावा लागतो. इथेच खरी मेख आहे.

पंचनामा तिकडेही

मेलेल्या वासराजवळ गिधाडे बसलेली दिसली म्हणजे गिधाडांनीच मारले, असे होत नाही. वासरू मेलेलेच जन्मले असेल. अडून गुदमरले असेल. थंडीने गेले असेल. गिधाड हे मेलेले खाणारेच पाखरू. ते तिथे असणारच. इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठाने म्हणूनच पशुपालकांना आवाहन केले, की अशी वासरे आमच्याकडे द्या, आम्ही शवविच्छेदन करून सांगतो.

ते कसे कळते, हे आपल्या पशुपालकांनीही समजून घ्यावे. जिवंतपणी चोच लागली असेल तर जखमेच्या भोवती कातड्याखाली रक्त साकळते. मेल्यावर लचका तोडला तर साकळत नाही, कारण तेव्हा रक्त फिरत नसते. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला आणि तरंगला तर वासराने श्वास घेतला होता; बुडाला तर बहुधा घेतलाच नव्हता. पोटात दूध सापडले तर ते उठून प्यायले होते. खुरांवर जन्मताना जी मऊ पिवळट टोपी असते ती झिजली असेल तर ते चालले होते. या चार खुणांवरून डॉक्टर बरेच काही सांगू शकतो, पण शव ताजे हवे. दोन दिवस उन्हात पडलेल्या वासराचे काही सांगता येत नाही.

आपल्याकडे वाघ-बिबट्याने जनावर मारले तर वन खाते भरपाई देते. त्यातही बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनाने ठरवलेली कमाल रक्कम, यातली जी कमी ती, असेच सूत्र आहे. आणि आपल्याकडेही प्रकरणे अडतात ती याच ठिकाणी. जनावर जागेवरून हलवलेले असते, खबर उशिरा दिलेली असते, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला नुसती हाडं दाखवली जातात. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी गावात एवढे जरी सांगून ठेवले की शव हलवू नका, मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, तरी निम्मी भांडणे मिटतील.

बंदुकीशिवायही तिकडचे पशुपालक बरेच काही करतात. विणाऱ्या गाई घराजवळच्या कुंपणात आणतात. पहिलटकरणींवर जास्त लक्ष ठेवतात, कारण त्यांना वेळ लागतो. वार आणि मेलेले वासरू लगेच उचलून पुरतात. शेतात एक मढे चार दिवस पडले की थवा तिथे वस्तीलाच राहतो. ज्या वठलेल्या झाडावर गिधाडे रात्री बसतात ते काढतात. कळपात राखणीची कुत्री ठेवतात. आणि एक उपाय ऐकायला विचित्र आहे, पण लागू पडतो: मेलेले गिधाड, किंवा त्याचे हुबेहूब बुजगावणे, पाय वर डोके खाली असे उंच टांगायचे. ते दिसले की बाकीची बहुधा काही दिवसांत ती जागा सोडतात. खऱ्या पक्ष्याला परवाना लागतो, बुजगावण्याला नाही.

आणि आपल्याकडे?

आता व्हिडिओवाल्या प्रश्नाचे उत्तर. आपल्याकडची पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडे ही निराळी जात. ती जिवंत, धडधाकट वासरावर थव्याने हल्ला करणारी म्हणून ओळखली जात नाहीत. शतकानुशतके ती आपल्या गावांच्या डोक्यावर घिरट्या घालत होती आणि वासरे पायाखाली बागडत होती. जुन्या माणसांना विचारा. शिवाय आपली गाय एकटी वितच नाही. तेव्हा अमेरिकेतली भीती आपण उसनी आणू नये.

आपले दुखणे बरोबर उलटे आहे. तिकडे हद्द वाढली, इकडे हद्दच पुसली गेली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. लांब चोचीचीही सुमारे ९७ टक्के गेली. कुणी म्हणाले झाडे तोडली, कुणी म्हणाले रोग आला. खरे कारण २००४ मध्ये पुढे आले. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी करताना त्यांच्या मूत्रपिंडात आणि आतड्यांवर चुन्यासारखा पांढरा थर सापडला, आणि शरीरात डायक्लोफिनॅक. म्हणजे आपण लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या म्हशीला टोचून घेत होतो ते वेदनाशामक. जनावर इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत मेले तर औषध मांसात उरते. गिधाडाने ते खाल्ले की मूत्रपिंड बंद पडते आणि थोड्याच दिवसांत पक्षी मान टाकतो. एका ढोरावर पन्नास गिधाडे उतरतात. शंभर मढ्यांत एखाददुसऱ्यातही असे औषध असले तर सगळा थवा संपायला ते पुरेसे होते.

अमेरिकेतले टर्की गिधाड मात्र हे औषध शंभरपटीहून जास्त पचवते, असे २००८ मध्ये प्रयोगात दिसले. शिवाय गुरांना डायक्लोफिनॅक टोचण्याची पद्धत तिकडे पडली नाही. आपल्या पाखराला ना ती ताकद मिळाली ना ती सवलत. त्यात आपले गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि पाचेक वर्षांचे झाल्याशिवाय जोडा करत नाही. एक पिढी गेली की भरून यायला किती काळ लागेल याचा हिशेब तुम्हीच करा.

गिधाडे गेली, मढी उरली, आणि कुत्री वाढली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंदाज मांडला, की गिधाडे गेल्यामुळे झालेल्या घाणीने आणि रोगराईने २००० ते २००५ या काळात देशात सुमारे ५ लाख माणसे जादा दगावली. आकडा अंदाजाचा आहे, पण पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने गावातली माणसे कशी मरतात हे आपल्याला अंदाजावरून कळायची गरज नाही.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ मध्ये बंद झाले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपेक्षा मोठी बाटली करण्यास मनाई झाली. २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही औषधे जनावरांसाठी बंद झाली. ॲसिक्लोफिनॅकचे तर गाईच्या पोटात डायक्लोफिनॅकच होते, म्हणजे नाव बदलून तोच चोर. २०२५ उजाडता उजाडता नायमेसुलाइडचाही नंबर लागला. कागदावर काम चांगले झाले आहे. पण बंदी कागदावर असते आणि सुई गोठ्यात. गावात येणारा खासगी माणूस पिशवीतून काय काढतो, बाटलीवर काय लिहिले आहे, हे विचारायची आपल्याला सवय नाही. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड ही दोन वेदनाशामके गिधाडांना सुरक्षित ठरली आहेत आणि जनावरांसाठी मिळतात. "डॉक्टर, मेलॉक्सिकॅम द्या" एवढे तीन शब्द म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

मढ्यांचा प्रश्न नाजूक आहे. ढोर ओढण्याचे काम पूर्वी एका समाजावर लादलेले होते. त्यांनी ते झुगारून दिले ते योग्यच केले. पण त्याची दुसरी व्यवस्था गावाने उभी केली नाही, आणि मढे ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेला पडू लागले. २०२२ च्या लम्पीच्या साथीत ग्रामपंचायतींना खड्डे खणावे लागले तेव्हा जागा कुठली, यंत्राचे भाडे कुणी द्यायचे, हे वाद आपण पाहिलेत. रोगाने मेलेले जनावर, त्यातही फाशीचा संशय असेल तर, उघडे करूच नये, खोल पुरावे. मरण्याआधी कुठले इंजेक्शन दिले हे माहीत नसेल तरी पुरावे. कुत्र्यांना किंवा बिबट्याला मारायला मढ्यावर विष टाकणे हा गुन्हा तर आहेच, पण त्या मढ्यावर पुढे काय काय उतरेल हे सांगता येत नाही.

ज्या भागात गिधाडे अजून टिकून आहेत तिथे वन खात्याने आणि गावकऱ्यांनी वेगळी वाट धरली. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाडा येथे, तसेच गडचिरोलीत, गिधाडांसाठी मढी टाकण्याच्या ठरावीक जागा केल्या गेल्या. रायगडात फणसाड आणि म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला लोकांनी उंच झाडांवरची घरटी राखली. २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून गिधाडे ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. व्हिडिओवाल्यांनी विचारलेली "सरकार सोडतंय" ती हीच. त्यांतल्या एकाने ताडोबातून उडून थेट तामिळनाडू गाठले. वाटेत किती तालुके, किती गावे आणि किती गोठे लागले असतील ते नकाशावर बोट ठेवून पहा. यातल्या कुठल्याही गावात एक विषारी मढे पुरेसे आहे.

तेव्हा पाठीवर छोटे यंत्र किंवा पंखावर आकडा असलेले मोठे गिधाड शेतात उतरलेले दिसले तर दगड मारू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. दमलेले असेल तर पाणी दिसेल अशा जागी ठेवून दूर व्हा, आणि आकडा, जागा आणि वेळ लिहून वनरक्षकाला कळवा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वनरक्षकाचा आणि पशुधन विकास अधिकाऱ्याचा फोन नंबर असतोच; नसेल तर येत्या मासिक सभेत तो लिहून घ्या, आणि त्याच्या खाली जनावरांसाठी बंद झालेल्या चारही औषधांची नावे लिहा.